रिकामी तिसरी ओळ

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर नुसती वाफ असते. ती विरत जाते तसतशा वस्तू दिसू लागतात. चार लांब टेबलं, त्यांच्यावर जाड घोंगडी आणि वर पांढरं कापड, जागोजागी करपून पिवळं पडलेलं. छतावरून लोंबणाऱ्या वायरी आणि त्यांच्या टोकांना इस्त्र्या. एका बाजूला हॉटेलांच्या चादरींचे गठ्ठे, दुसऱ्या बाजूला हॉस्पिटलच्या उशांचे अभ्रे, मागे दोन मोठी धुलाईयंत्रं, म्हाताऱ्या माणसासारखी सतत कण्हणारी. दुपारचे तीन वाजलेत. खिडकीजवळच्या पहिल्या टेबलाशी एक उंच, हाडापेरानं मजबूत बाई बाह्या कोपरापर्यंत सारून उभी आहे. ती थोरली. मळक्या चादरींच्या गठ्ठ्यावर, मांडीवर गिटार घेऊन पाय हलवत बसलेली ती धाकटी.

गोष्ट धाकटीची आहे. लोकांनी टाळ्या तिला वाजवल्या, फोटो तिचे छापले. पण त्या दुपारी खिडकीतलं ऊन पडलं होतं ते थोरलीवर.

धाकटीचा आवाज दहाव्या वर्षीच खाली उतरला. शाळेच्या समूहगीतात बाई तिला शेवटच्या रांगेत उभं करायच्या आणि सांगायच्या, "तू नुसते ओठ हलव हं बाळ." घरी तिनं फोन उचलला की पलीकडचा माणूस अदबीनं विचारायचा, "साहेब, घरात बाई कुणी आहेत का?" लाँड्रीतल्या बायकांनी तिचं नाव खर्जाबाई ठेवलं ते कायमचंच. थोरली तिच्याहून सात वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा थोरलीनं शाळा सोडली, इस्त्री हातात घेतली आणि धाकटीला वाढवलं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. बोलायचीच कमी. बोलली की मात्र नेमकं लागायचं.

त्यांच्या घराला दोन खोल्या. त्यातली एक भाडेकरूला दिलेली. तो जहाजावर काम करायचा. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लूज गाण्याचं त्याला वेड होतं आणि धाकटीला तो नाद त्यानंच लावला. "आपलं दुःख एकदा सांगितलं तर कुणी ऐकत नाही," स्वयंपाकघराच्या टेबलावर बोटांनी ताल धरत तो म्हणायचा, "म्हणून तीच ओळ दोनदा म्हणायची. तिसऱ्या ओळीत मात्र त्या दुःखाला उत्तर द्यायचं. असं खणखणीत, की ऐकणारा आधी हसला पाहिजे आणि मग गप्प झाला पाहिजे." एका फेरीला तो गेला तो परत आलाच नाही. त्याची गिटार आणि चार तबकड्या खोलीत राहिल्या.

धाकटीला पहिली ओळ पटकन सुचायची. दुसरी तर तीच असते. तिसरीपाशी तिची गाडी अडायची. मग ती गिटार उचलायची आणि लाँड्रीत जायची.

त्या दुपारीही तशीच आली होती. तिनं तारा छेडल्या आणि त्या खोल आवाजात म्हटलं,

"दारात चपलांचे जोड दोन, त्यातला एकही त्याचा नाही,
दारात चपलांचे जोड दोन, त्यातला एकही त्याचा नाही..."

आणि थांबली. थोरलीनं चादरीची कड सरळ केली, पाणी शिंपडलं, इस्त्री ठेवली. चर्र आवाज झाला. मान वर न करता ती म्हणाली,

"झाडताना मग रोज गं कशाला तिसरी जागा सोडतेस बाई?"

चौथ्या टेबलाशी घड्या घालणारी एक ठेंगणी बाई होती. तिला सगळे घडीवालीच म्हणत. ती हसता हसता अभ्र्यांच्या ढिगावर कोसळली. "अहो ताई, तुमचं तर लग्नसुद्धा नाही झालं. हे सगळं तुम्हाला कुठनं कळतं?"

"चादरींवरनं," थोरली म्हणाली. "इतकी वर्षं इस्त्री करतेय. माणसं सांगत नाहीत ते सगळं चादरी सांगतात."

धाकटीनं तोवर ओळ तळहातावर पेनानं लिहूनही घेतली होती. वही न्यायची ती नेहमी विसरायची. गाणी बनत गेली ती अशी, इस्त्रीच्या चरचराटात. कधी आरशाचं गाणं: "आरसा म्हणाला सकाळी, केस पांढरे झाले गं," दोनदा. आणि टेबलावरून उत्तर: "म्हटलं, तुझाही पारा उडालाय, मी कधी बोलले का गं?" थोरलीच्या दृष्टीनं ही गंमत होती. काम करता करता माणूस शेजारच्याच्या बोलण्याला टोला देतो, तसा टोला. धाकटीच्या दृष्टीनं ती... काय होती ते तिनं कधी विचारातच घेतलं नाही. नळ सोडला की पाणी येतं, तशी लाँड्रीत गेलं की ओळ येते.

कारखान्याच्या कामगारांचा एक क्लब होता. तिथं रविवारी दुपारी ती गायला लागली. साथीला माउथऑर्गनवर घड्याळजी. हा घड्याळं दुरुस्त करायचा आणि जन्मात कधी वेळेवर आला नाही, पण तालात कधी चुकलाही नाही. "घड्याळजी, चार वाजता यायचं होतं ना?" ती ओरडायची. "माझ्या घड्याळात आत्ता चार वाजतायत," तो खिशातून बाजा काढत म्हणायचा. जाड काचांच्या चष्म्याआडून तो तिच्याकडे असा बघायचा की लाँड्रीतल्या बायकांनी त्यावरूनही दहा विनोद केले. त्यातून पुढे काही झालं नाही. तो आयुष्यभर साथीलाच राहिला.

गाणी ऐकून एके दिवशी रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला. चकचकीत बूट, हातात ब्रीफकेस. म्हणाला, "आवाज तुमचा, गाणी आमची. आणि पट्टी जरा वर घ्या. बाई गातेय हे कळायला नको का?" ती म्हणाली, गाणी माझीच असतील. तो हसला. "ही गाणी तुम्ही लिहिता? खरं सांगा बाई, मागं कोण आहे?"

ते वाक्य तिच्या जिव्हारी लागलं. धाडधाड पाय आपटत ती लाँड्रीत आली. "म्हणे मागं कोण आहे! मी माझी रेकॉर्ड काढीन. कुणाच्या दारात जायची नाही."

"काढ की," थोरली म्हणाली. "आपल्याकडे खोली रिकामीच आहे."

भाडेकरूच्या खोलीच्या भिंतींना थोरलीनं लाँड्रीतली फाटकी ब्लँकेटं खिळे ठोकून लावली, आवाज घुमू नये म्हणून. उसना आणलेला टेपरेकॉर्डर मधोमध स्टुलावर ठेवला. तीन रविवार धाकटी आत गात होती, घड्याळजी वाजवत होता आणि थोरली दाराबाहेर खुर्ची टाकून पहारा देत बसली होती. शेजारच्या काकू भांडी घासायला अंगणात आल्या की ती त्यांना हातानंच गप्प करायची. कॅसेट निघाली. पाठीमागे छापलं होतं: शब्द, चाल, गिटार, आवाज: स्वतः. पहिली प्रत धाकटीनं थोरलीच्या हातात दिली. थोरलीनं ती उलटून वाचली, लांब धरून पुन्हा वाचली. "छान दिसतंय," ती म्हणाली. "ते 'स्वतः' जरा तिरकं छापलंय."

धाकटी खळखळून हसली. त्या हसण्याची तिला पुढे फार लाज वाटली.

कॅसेट हातोहात फिरली. क्लबातून दुसऱ्या क्लबात, बसमधून दुसऱ्या गावात. आणि मग रेडिओवरून बोलावणं आलं. दुपारी तीनला थेट मुलाखत.

स्टुडिओ म्हणजे एक चिमुकली खोली, भिंतींना भोकाभोकांचे पुठ्ठे, टेबलावर झाकण घातलेला पाण्याचा ग्लास. निवेदक टाय लावून बसलेला, जणू ऐकणाऱ्यांना तो दिसणार होता. लाल दिवा लागला. चार प्रश्न छान गेले. मग तो पुढे झुकून म्हणाला, "मला एक सांगा. पहिल्या दोन ओळी ऐकताना वाटतं, हं, दुःख आहे, असतंच. पण ती तिसरी ओळ! ती येते आणि माणूस खुर्चीतून उडतो. ती कुठनं आणता? मागं कुणी आहे का?"

मागं कुणी आहे का. धाकटीला समोर टायवाला दिसेना. तिला चकचकीत बूट दिसले.

"माझ्या मागं कुणी नाही," ती म्हणाली. "सगळं एकटीनं केलंय. माझ्या एका शब्दालाही दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही."

"वा!" निवेदक म्हणाला.

परतीच्या बसमध्ये ती हवेत होती. कसं सुनावलं! बस लाँड्रीच्या गल्लीवरून गेली आणि खिडकीतून तिला लाँड्रीचं ओळखीचं धुराडं दिसलं. तेव्हा तिला एकदम आठवलं. लाँड्रीत खिडकीच्या कट्ट्यावर रेडिओ होता. त्यात घालायला नवे सेल कालच थोरलीनं आणले होते.

पुढचं तिला घडीवालीनं सांगितलं, आणि तेही महिन्याभरानं. त्या दिवशी थोरलीनं मालकाच्या विनवण्या करकरून अर्ध्या तासासाठी दोन्ही यंत्रं बंद ठेवायला लावली होती. आपल्या धाकटीचा शब्द न् शब्द ऐकू यायला हवा म्हणून. इतक्या वर्षांत ती यंत्रं दिवसाढवळ्या कधी थांबली नव्हती. लाँड्रीत अशी शांतता, की इस्त्रीचा खटका पडलेला ऐकू यावा. सगळ्या बायका हात पुसत रेडिओभोवती उभ्या. कुणाचा हात लागलेला नाही, हे वाक्य आलं आणि कुणीच कुणाकडे बघेना. थोरली शांतपणे मागे गेली. एक यंत्र चालू केलं. मग दुसरं. मुलाखत अजून दहा मिनिटं बाकी होती.

त्या संध्याकाळी घरी ती एवढंच म्हणाली, "छान बोललीस. मध्ये खोकला नाही आला, बरं झालं."

दुसऱ्या दिवशी धाकटी गिटार घेऊन गेली. माफी मागायचं तिच्या मनात होतं, पण तोंडातून निघाल्या त्या दोन ओळी. कुठल्या तरी रिकाम्या पाळण्याच्या. त्या म्हटल्या आणि ती थांबली. थोरली कॉलर इस्त्री करत होती. तिनं कॉलर उलटली, दुसरी बाजू केली, बटणांच्या मधून टोक फिरवलं.

"बरी आहे," ती म्हणाली.

"पुढं?"

"पुढचं तू बघ. माझा हात लागायला नको."

त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाच्या गळ्यात पडता येतं. थोरलीनं त्या दिवशीही तिला डबा दिला, गिटारच्या पट्ट्याला सुटलेला टाका घालून दिला. फक्त ओळ दिली नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतर कधीच नाही.

धाकटीनं स्वतः तिसऱ्या ओळी लिहून पाहिल्या. वह्या भरल्या. पण त्या दुसऱ्याचा कोट अंगावर चढवावा तशा खांद्यात घट्ट आणि बाह्यांत सैल व्हायच्या. शेवटी एका कार्यक्रमात तिनं पाळण्याच्या गाण्याच्या दोन ओळी म्हटल्या आणि तिसरीच्या जागी ती नुसती उभी राहिली. तोंड उघडं, शब्द नाहीत. घड्याळजीला वाटलं ही विसरली. सांभाळून घ्यायला त्यानं बाजा तोंडाला लावला आणि ती जागा भरून काढली. गाणं संपलं. सभागृह उठून उभं राहिलं.

पेपरात आलं: उत्तर नाकारण्याचं धाडस. एका समीक्षकानं तर त्यावर दोन रकाने खर्ची घातले. तिसरी ओळ रिकामी सोडणं ही तिची शैली ठरली. तरुण मुली गिटार घेऊन तिची नक्कल करू लागल्या, दोन ओळी म्हणून डोळे मिटायच्या. लोक दुरून येऊन विचारायचे, ही कल्पना सुचली कशी? ती हसायची. काय सांगणार? ज्या गोष्टीबद्दल तिला जोडे पडायला हवे होते, तिचे हार गळ्यात पडत होते. आणि प्रत्येक हारानिशी खरं सांगायचं आणखी अवघड होत गेलं.

एकदा मात्र तिनं उचल खाल्ली. जुन्या गाण्यांच्या कॅसेटची नवी आवृत्ती निघणार होती. तिनं वेष्टनाचा कच्चा कागद छापून घेतला. त्यावर थोरलीचं नाव होतं, तिच्या नावाएवढ्याच मोठ्या अक्षरांत. तो तिनं इस्त्रीच्या टेबलावर पसरला.

थोरलीनं चष्मा लावून वाचला. "काढ ते."

"का? तुझंच आहे ना?"

"आता छापलंस तर लाँड्रीतल्या बायका म्हणतील, मागून घेतलं. काढ."

ती म्हणाली म्हणून धाकटीनं नाव काढलं. आयुष्यभर जिनं थोरलीचं एक ऐकलं नाही, तिला आज्ञाधारक व्हायला नेमका तोच दिवस सापडला. छापखान्याच्या पायऱ्या उतरताना आपल्याला हलकं वाटतंय हे तिच्या लक्षात आलं होतं. त्या हलकेपणाची आठवण तिला पुढे झोपू द्यायची नाही.

वर्षं गेली. लाँड्री बंद पडली. थोरली घरी बसली, पण इस्त्री सुटली नाही. घरातले पडदे, टॉवेल, घड्याळजीचे रुमालसुद्धा कडक घड्यांचे. कार्यक्रमाला निघताना धाकटीच्या शर्टाला इस्त्री तीच करून द्यायची. कार्यक्रमाला मात्र कधी आली नाही. "तिथं बसून मी काय करू? मला काय कळतं त्यातलं?" असं म्हणायची, अगदी साधेपणानं. ते ऐकणं धाकटीला दरवेळी जड जायचं.

मग थोरलीला हॉस्पिटलात ठेवावं लागलं. भेटायची वेळ चार ते सहा. पहिल्या दिवशी धाकटी गेली तेव्हा थोरली पलंगाच्या कडेची चादर बोटांनी चाचपत होती. "कुणी केलीय ही इस्त्री? कोपऱ्यात सुरकुती तशीच. आमच्या वेळी असली चादर बाहेर पडली नसती."

"ताई," धाकटी म्हणाली, "रेडिओवर मी खोटं बोलले."

थोरलीनं सुरकुतीवरून हात काढला. "मला काय सांगतेस? मला माहीतच आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग."

"सांगते. शनिवारी कार्यक्रम आहे."

"बघ बाई."

शनिवार आला. वाचनालयाचा छोटा हॉल, पन्नास-साठ माणसं, त्यातली दहा तरी पावसाळी छत्र्या मांडीवर घेऊन पेंगणारी. ती दोनदा माइकजवळ आली, दोनदा घसा साफ केला आणि दोन्ही वेळा पुढच्या गाण्याचं नाव सांगितलं. घड्याळजी तिच्याकडे चष्म्याआडून बघत राहिला. त्याला सगळं ठाऊक होतं. तो तरी काय करणार, तो तर साथीचा माणूस.

रविवारी चार वाजता ती पलंगाशी उभी होती. थोरलीचा आवाज बराच खाली गेला होता, जवळजवळ धाकटीच्या आवाजाइतका.

"सांगितलंस?"

"लोकच थोडे होते गं ताई. पुढच्या महिन्यात सत्कार आहे, मोठ्या नाट्यगृहात. हजार माणसं येतील. त्यांच्यासमोर सांगते. नीट, व्यवस्थित."

थोरलीनं चादरीची सुरकुती पुन्हा चाचपली. "हं," ती म्हणाली. "गर्दी बघून सांगायचं असतं होय."

मंगळवारी थोरली गेली.

सत्कार ठरल्याप्रमाणे झाला. उतरत्या दुपारी पडदा वर गेला तेव्हा वाफ नव्हती. फुलं होती, शाल होती, झगझगीत दिवे होते. धाकटी आता सत्तरीला टेकली होती. हार उतरवून तिनं खुर्चीवर ठेवला आणि गिटार न घेताच ती माइकपाशी आली. पहिल्या विंगेत घड्याळजी बाजा हातात धरून उभा होता.

आणि तिनं सांगितलं. सगळं. लाँड्री, चरचरणारी इस्त्री, तळहातावर उतरवून घेतलेल्या ओळी. कुठली ओळ कुणी दिली ते एकेक गाणं घेऊन सांगितलं. रेडिओवर मी काय म्हणाले तेही सांगितलं. रिकामी जागा ही शैली नव्हे, मला ती ओळ येतच नव्हती, असं ती स्पष्ट म्हणाली. रंगमंचावर इतकी वर्षं काढलेल्या बाईचा तो आवाज. त्यात ठहराव होता, चढउतार होते, कुठं थांबायचं ते नेमकं ठाऊक होतं. ते तिला टाळता येईना. चादरींवरनं कळतं, हे आलं तेव्हा नाट्यगृह खदखदून हसलं. शेवटाला पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. "काय मोठं मन आहे!" अध्यक्ष शेजाऱ्याला म्हणाले, ते माइकवरून सगळ्यांना ऐकू गेलं. "एवढी मोठी झाली, पण श्रेय बघा कसं बहिणीला देतेय."

आणि हजार माणसं उठून उभी राहिली. टाळ्या थांबेनात.

ती हात वर करून त्यांना थांबवत होती. दोन्ही हात. लोकांना वाटलं अभिवादन करतेय, त्यांनी आणखी जोरात वाजवल्या. विंगेतून घड्याळजीनं पडदा ओढणाऱ्याला खूण केली. त्यानंतर ती पुन्हा माइकपुढे उभी राहिली नाही आणि त्याबद्दल कुणाशी काही बोललीही नाही. पण पडदा खाली येता येता ती जे म्हणाली ते टाळ्यांत बुडालं तरी घड्याळजीनं ऐकलं.

"अहो, टाळ्या काय वाजवताय? यंत्रं बंद ठेवून ऐकत होती हो ती."